अल्पमोली गाळणे

स्वयंपाकघर मांडताना मिक्सर-कुकरची चौकशी दहा दुकानांत होते. गाळण्याची क्वचितच होते. वस्तुतः जैन घरातील स्वयंपाकाचा आरंभ याच सुती कापडाने होतो.

परंपरेने त्याचे माप सांगितले आहे: लांबी 36 अंगुळे, रुंदी 24 अंगुळे, आणि वापर दुहेरी घडी घालून. कापड भांड्याच्या तोंडाहून मोठे असले, म्हणजे कडेने न गाळलेले पाणी आत उतरत नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, अर्थात 48 मिनिटे. त्यानंतर ते पुन्हा गाळावे.

या साध्या साधनाचे सामर्थ्य बांगलादेशातील खेड्यांतही दिसून आले. रीटा कोलवेल व सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून असतात, ते कापडात अडकतात. सुटे जंतू मात्र पार जातात. म्हणून पिण्याचे पाणी गाळून उकळणेच श्रेयस्कर.

नळाला बांधलेली, महिनोन्‌महिने ओलीच राहणारी पिशवी हे काम करू शकत नाही. पाणी गाळून होताच कापड उलटे धरून त्यावर गाळलेले पाणी सोडावे. विहिरीच्या पाण्याची ही जिवाणी सावकाश विहिरीतच पोहोचवावी. मग कापड धुऊन उन्हात वाळवावे. धागे विरळ होताच नवे घ्यावे. एवढ्याशा खर्चात काटकसर करू नये.