मन साफ आहे म्हणे!

आमच्या घराण्याला रागाचा भारी अभिमान. आजोबांनी वाढलेलं ताट भिरकावल्याची गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात निघते आणि सगळे हसतात. आजी हसायची का, ते आता विचारता येणार नाही. जमदग्नीचा अवतार, नाकावर राग... "पण मन अगदी साफ हो!" हे शेवटचं वाक्य ठरलेलं.

या वाक्याचा मला हल्ली संताप येतो. (हो, विनोद कळला मला!)

यंदा गणपतीत पुन्हा तेच. आरतीचं तबक यायला उशीर झाला म्हणून एका काकांनी काकूला चारचौघांत झापलं. दहा मिनिटांनी स्वतः मोदकांवर ताव मारत म्हणतात, "मी राग साठवून ठेवत नाही. बोलून मोकळा होतो." काकू दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आपला कचरा शेजाऱ्याच्या दारात टाकला की आपलं घर साफ दिसणारच ना!

वर कुकरचं उदाहरण. वाफ कोंडली तर फुटेल म्हणे. अहो, माणूस म्हणजे कुकर नव्हे. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहाशे विद्यार्थ्यांच्या निबंधांवर खवचट शेरे मारून त्यांना आधी चिडवलं. मग काहींना, शेरे मारणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला लावले आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. गुद्दे मारणारेच जास्त चिडलेले राहिले. २०२४ मध्ये त्यानेच एका सहकारी संशोधिकेबरोबर दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. राग उतरतो तो संथ श्वास, ध्यान अशा शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी. आदळआपट करून नाही.

आणि "राग आवरतच नाही" ही तर शुद्ध थाप. तीस वर्षं नोकरी केली, साहेबाच्या अंगावर एक फाईल तरी भिरकावलीत? तिथे बरोबर आवरतो. राग आंधळा म्हणतात, पण समोरच्याचा हुद्दा त्याला लांबूनच दिसतो.

राग येऊच नये असं माझं म्हणणं नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांच्या मनात काय राग नसेल? पण तो आपल्यापेक्षा बलवानांवर होता, आणि ती माणसं शिस्तीत चालत गेली. आमचा राग बायको, पोरं आणि रिक्षावाला यांच्यापुढे जात नाही.

'आमचा' म्हणालो, कारण मीही त्यातलाच. गेल्या महिन्यात ऑफिसात साहेबांनी नको ते ऐकवलं. मी "हो सर" म्हणालो. घरी आलो, लेकीच्या हातून पाणी सांडलं आणि मी असा ओरडलो की शेजारचा टीव्ही बंद झाला. ती रडली नाही. फडकं आणून पुसलं आणि हळूच विचारलं, "बाबा, आता आत जाऊ?" लहानपणी मी असंच विचारायचो.

रात्री तिची माफी मागितली. "मन साफ आहे" हे मात्र तोंडातून निघालं नाही.

असो. काका, तुम्ही हे वाचताय, मला माहीत आहे. फोनवर मला जरूर झापा. पण त्याआधी काकूशी बोला.