बैठकीत सिस्टरही हव्यात



दिवाळीत घरोघरी माणसे जमतात, तेव्हाही रुग्णालयांत परिचारिकांच्या तिन्ही पाळ्या सुरूच असतात. यंदाच्या अंकाचा विशेष विभाग त्यांच्या कामाला वाहिलेला आहे. संकट वॉर्डात शिरते, तेव्हा त्याची पहिली गाठ बहुधा त्यांच्याशीच पडते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी मुंबईच्या कामा रुग्णालयात घुसले. परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातल्या वीस गर्भवतींना पँट्रीत हलवले. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तशा परिस्थितीतही तिला प्रसूतिकक्षात नेले. त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले, ते योग्यच. पण आडोशाची खोली कोणती, कोणत्या बाईकडे अधिक लक्ष द्यायचे, हे जाणणारी नजर रोजच्या ड्युटीतून येते.

ती नजर आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात उतरली पाहिजे. आग लागली तर व्हेंटिलेटरवरचा रुग्ण कोणत्या वाटेने काढायचा? ऑक्सिजनचा दाब घसरला तर राखीव सिलिंडर किती वेळात पोहोचतो? रात्री मोजक्याच सिस्टर असताना आधी कोणाला हलवायचे? याची खरी उत्तरे वॉर्डात मिळतात.

२०२१ च्या भाऊबीजेला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण दगावले. नंतरच्या अटकेच्या कारवाईत परिचारिकाही होत्या. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे. दुर्घटनेनंतर जिला जाब विचारला जातो, तिला वायरिंग, बाहेर पडण्याची वाट आणि मनुष्यबळ ठरवताना कोण विचारतो?

साथीत तर सेवा करणाऱ्याचाच जीव धोक्यात येतो. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच आजाराने गाठले आणि त्या गेल्या. त्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. मात्र सेवा करणाऱ्याचा जीव जाऊ नये, ही व्यवस्था उभी करणे हेच त्यांचे खरे स्मरण.

म्हणून आमचे आग्रहाचे मागणे आहे: जिल्ह्याच्या आपत्ती नियोजनात अनुभवी परिचारिकांना निर्णयाचा अधिकार द्या, रिक्त पदे भरा, साथ येण्याआधी संरक्षक साधने पुरवा आणि रात्रपाळीतही मॉक ड्रिल घ्या.

वाचकहो, आपल्या गावच्या रुग्णालयात रात्रीची मॉक ड्रिल शेवटची कधी झाली, हे जरूर विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.



— संपादक