माइक कुणालाच मिळणार नाही!

नेटवर्किंग इव्हेंट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हॉटेलचा बँक्वेट हॉल, मागे भलामोठा फ्लेक्स आणि व्हिजिटिंग कार्डांची चळत घेऊन फिरणारा एक घामाघूम तरुण. गेली काही वर्षं मी पुण्यात दर तीन महिन्यांनी असा कार्यक्रम घेतो. साधारण साठ माणसं. टेक कंपन्यांचे सीईओ, सीटीओ, काही फंडवाले आणि पैसे शोधणारे फाउंडर. तुमच्या ऑफिसनेही ही जबाबदारी तुमच्या गळ्यात मारली असेल, तर थोडं ऐका.

वार गुरुवार. शुक्रवारी कुणी येत नाही. वेळ साडेसात, कारण सहाला बोलावलं तरी हिंजवडीचा माणूस साडेसातलाच पोचतो, तोही चिडून. आणि मुंबईचे इन्व्हेस्टर नऊ वाजले की एक्स्प्रेस-वेकडे डोळे लावतात. हातात उरतो दीड तास. त्यात स्पॉन्सरला पंचवीस मिनिटांचं प्रेझेंटेशन हवं असतं! मी सरळ नाही म्हणतो. लोगो लावा, माइक मिळणार नाही. एक स्पॉन्सर यावरून रुसून गेलाही. जाऊ दे.

खाणं एका घासाचं, कोरडं. एका हातात ग्लास, दुसरा शेकहँडला मोकळा हवा. मिनी वडे चालतील, मिसळ नाही. दारू ठेवणार असाल तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना आधी काढा. आणि हो, महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. चोविशीतला फाउंडर या गर्दीत हमखास असतो, तेव्हा बारवाल्याला सांगून ठेवा.

आता खरी गंमत. कोण कोण आहे हे कळणार कसं? १९९८ मध्ये लंडनला ‘फर्स्ट ट्यूसडे’ नावाच्या गाठीभेटी सुरू झाल्या. तिथे बॅजवर ठिपके असत. उद्योजकाला हिरवा, इन्व्हेस्टरला लाल, वकील-सल्लागार मंडळींना पिवळा. आयडिया भन्नाट! ती देशोदेशी पसरली आणि २००० मध्ये एका इस्रायली कंपनीने ‘फर्स्ट ट्यूसडे’ विकतही घेतलं. पण मी ठिपके लावत नाही. लाल ठिपका दिसला की गुळाला मुंगळे! बिचारा इन्व्हेस्टर खांबामागे लपतो. माझ्या बॅजवर ठळक नाव आणि खाली एकच ओळ, ‘मला काय हवंय’.

पण बॅज लावून यजमानाचं काम संपत नाही. गेल्या वेळी इचलकरंजीचा एक मुलगा आला होता. यंत्रमागाला सेन्सर लावायचा, माग थांबला की मालकाच्या मोबाइलवर मेसेज, असं त्याचं सॉफ्टवेअर. सात जणांची टीम आणि दोन महिन्यांचे पगार निघतील एवढेच पैसे, हे मला फोनवर आधीच कळलं होतं. आणि हा पठ्ठ्या भिंतीला टेकून सरबत पितोय!

“दादा, सगळे इंग्लिशमध्ये किती फास्ट बोलतायत...”

मी त्याला फंडवाल्याकडे नेलं नाही. फंडवाले पाच मिनिटं ऐकून ‘डेक पाठव’ म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा गोड भाषेतला नकार असतो. त्याला नेलं एका कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंट मॅडमकडे. त्यांचं माहेर इचलकरंजीचं. मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, “माग साधे की शटललेस?” झालं! वीस मिनिटं दोघं अस्सल कोल्हापुरी सुरात बोलत होते. मग मॅडमच त्याला फंडवाल्याकडे घेऊन गेल्या. माझ्या ओळखीला ‘आयोजकाची ओळख’ एवढीच किंमत असते. धंदा कळणारी बाई शब्द टाकते तेव्हा समोरचा फोन खिशात ठेवतो.

“किती मागांवर चालू आहे?”

“एकशे चाळीस.”

“पैसे कोण देतं?”

“मालक. दर महिन्याला, मागामागे.”

पुढचं मी ऐकलं नाही. खाली पार्किंगवरून भांडण जुंपलं होतं, ते सोडवायला गेलो.

मुंबईत मीटिंग झाली. पैसे अजून आलेले नाहीत. त्यांना आधी इचलकरंजीत येऊन माग बघायचेत. दोनातला एक महिना संपलाय. काल मुलाचा फोन होता, साहेबांना जेवायला कुठे न्यायचं म्हणून. म्हटलं, आधी कारखान्यात ने, मग घरी.