खोकला, काढा आणि दोन आठवडे



मागच्या पालकसभेत सूचना आली की, थंडीच्या दिवसांत शाळेने सर्व मुलांना रोज सकाळी काढा द्यावा. टाळ्याही पडल्या. मी तेव्हा गप्प बसलो, म्हणून आज हे चार शब्द.

काढ्याशी माझे वैर नाही. अडुळसा, आले, ज्येष्ठमध उकळल्याचा वास आला की आमच्याकडे कोणीतरी खोकत आहे हे समजावे. अडुळशातल्या वासिसिन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. ज्येष्ठमध तर चिनी आणि जपानी वैद्यही शेकडो वर्षे खोकल्यावर देत आले आहेत. पण त्याच जपानमध्ये आज अशा औषधांवर इशारा असतो, कारण ज्येष्ठमध फार घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि अंगातले पोटॅशियम घटते. आपल्याकडे मात्र ती 'गोड मुळी', आजोबांच्या बीपीच्या गोळीबरोबर महिनोन्महिने चालते! मधाचेही तसेच. एक वर्षाखालील बाळाला तो चाटवू नये, हे अजून कितीतरी आज्यांना पटत नाही.

बाटलीतले औषध बिनधोक, असेही नाही. 2025 साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायएथिलीन ग्लायकॉल हे विष असलेल्या कफ सिरपने लहान मुले दगावली.

माझी खरी भीती वेगळीच आहे. उधना, लिंबायत, डिंडोलीत आपल्या कितीतरी घरांत खोली एक, माणसे सहा. आमच्या शेजारच्या मावशी तीन महिने काढा पीत राहिल्या. "लूमच्या धुळीचा खोकला आहे, जाईल." तो क्षयरोग निघाला, आणि तोवर नातीलाही लागण झाली होती. औषधाने दोघी बऱ्या झाल्या, पण नातीचे शाळेचे वर्ष गेले. काढ्याने अपाय केला नाही, त्याने वेळ खाल्ला.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. रुग्णाच्या पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1000 रुपयेही मिळतात.

तेव्हा विश्वस्त मंडळाला विनंती, काढ्याच्या पातेल्याऐवजी वर्गशिक्षकांकडे एक वही ठेवावी. मूल दोन आठवडे खोकत असेल तर पालकांना निरोप जावा, मात्र वर्गात त्याचे नाव घेऊ नये. आणि मुलांनो, घरात आजी किंवा पप्पा खोकत असतील तर कॅलेंडरवर खुणा करा. पंधरावी खूण झाली की त्यांना केंद्रावर घेऊन जायचा हट्ट धरा. काढा घरी चालू राहिला तरी हरकत नाही.