अंधाराची कैफियत

'सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन' ही जपानी ॲनिमे मालिका कोवळ्या मनांस विघातक आहे, हा आक्षेप इतका गंभीर आहे की 'ज्याची त्याची अभिरुची' एवढ्या शेऱ्यावर तो निकालात काढणे आक्षेपकांवर आणि मालिकेवरही अन्यायाचे होईल. म्हणून पूर्वपक्ष प्रथम त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. जुलै ते सप्टेंबर 1998 ह्या काळात टीव्ही टोकियोवर अपरात्री दाखविल्या गेलेल्या तिच्या तेरा भागांचा आरंभच मुळी एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येने होतो. चिसा योमोदा उंच इमारतीवरून स्वतःला झोकून देते, आणि काही दिवसांनी शाळेतील मुलींना तिचेच ईमेल येऊ लागतात: मी फक्त देहाचा त्याग केला आहे, 'वायर्ड' नावाच्या जालात मी जिवंतच आहे. लेन इवाकुरा ही अबोल मुलगी ते वाचते, वडिलांकडून 'नावी' हा नवा संगणक मागून घेते, आणि पाहता पाहता तिची निजायची खोली यंत्रे, तारा आणि त्यांना थंड राखणाऱ्या नळ्या यांनी भरून जाते. मरण म्हणजे केवळ स्थलांतर आणि देह म्हणजे अडगळ, असा उपदेश चौदा वर्षांच्या वयाला करणे हा अपराध नव्हे काय, असे आक्षेपक विचारतात. आणि ज्या जपानात आदल्याच वर्षी कोबे येथे चौदा वर्षांच्या मुलाने केलेल्या बालहत्यांनी सारा देश हादरला होता, तेथे हा प्रश्न निराधार नव्हता.

परंतु तो उपदेश कोणाचा, याची चौकशी मालिका स्वतःच करते. ती भागामागून भाग त्याचा माग काढीत जाते, आणि तो माग अखेर एइरी मासामी ह्या माणसापाशी येऊन थांबतो. ताचिबाना प्रयोगशाळेतला हा संशोधक, जालाच्या सातव्या प्रोटोकॉलमध्ये आपली स्मृती आणि विचार गुपचूप दडवून, रेल्वेच्या रुळांवर देहान्त पत्करून, आता वायर्डचा ईश्वर म्हणून पूजा मागत असतो. देहाची हेटाळणी करणाऱ्या विचाराचे मूळ त्याच्यापाशी आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण सामर्थ्यानिशी वदवून मगच त्याचा पाडाव करावा, ही वादाची जुनी आणि प्रामाणिक रीत. लेखक चिआकी कोनाका यांनी ती पाळली, आणि पूर्वपक्ष ऐकून उत्तरपक्षाआधी उठून गेलेल्या श्रोत्याने निकाल द्यावा तसा निकाल आक्षेपकांनी दिला.

तो उत्तरपक्ष ॲलिस ह्या लेनच्या मैत्रिणीच्या रूपाने येतो. आपल्या शिक्षकाविषयी तिच्या मनात असलेली अव्यक्त ओढ आठव्या भागात वायर्डमधून शाळाभर पसरते, आणि ती चव्हाट्यावर मांडणारी आकृती लेनच्याच चेहऱ्याची असते. कुटाळकीने एका मुलीचे जिणे कसे असह्य होते, हे मला ह्या प्रसंगाइतके निष्ठुरपणे आणि तरीही सहानुभूतीने दाखविलेले क्वचितच आढळले आहे. ते कृत्य आपले नव्हे असे लेन म्हणू शकली असती, आणि काही काळ ती तसे म्हणतेही. पण चेहरा आपला आहे म्हणून जबाबदारीही आपलीच, हे ती पुढे स्वीकारते. साऱ्यांच्या स्मरणातून ती ही घटना पुसून टाकते, मात्र ॲलिसची स्मृती अबाधित ठेवते, आणि ह्या एकाकी स्मृतीनेच व्याकुळ होऊन ॲलिस बाराव्या भागात लेनच्या ओसाड घरी येते. देहाची गरज नाही, ही एइरीची शिकवण लेन तिच्यापुढे घोकू लागते, तेव्हा ॲलिस कोणताही युक्तिवाद करीत नाही. ती लेनचा हात धरून आपल्या छातीवर ठेवते. आत हृदय भीतीने धडधडत असते. तेरा भागांतील सारे तत्त्वज्ञान ह्या एका स्पर्शापुढे निरुत्तर होते, आणि देहाला तुच्छ लेखणारा तो स्वयंघोषित ईश्वर स्वतःच देह धारण करू पाहतो, विद्रूप होतो आणि चिरडला जातो. ज्या मालिकेचा निर्णायक पुरावा जिवंत हृदयाचा ठोका आहे, तिला मृत्यूची प्रचारक कसे म्हणावे?

यावरही एक चिवट हरकत उरते. शेवटी लेन स्वतःला सर्वांच्या स्मृतीतून पुसून टाकते; हा आत्मलोपाचाच गौरव नव्हे काय? गौरव असता तर त्या भागात विजयाचा सूर लागला असता. तेथे लेन रडते, वडिलांच्या रूपातील आकृतीजवळ बसते, आणि पुढे प्रौढ झालेली ॲलिस पादचारी पुलावर ओळखीचा भास होऊनही लेनला ओळखू शकत नाही. त्यागाची किंमत येथे पुरेपूर वसूल केलेली आहे.

मालिका दुर्बोध आहे, ह्या दुसऱ्या तक्रारीला मी अंशतः मान देतो. नवव्या भागात रॉसवेल, व्हॅनेव्हर बुश, जॉन लिली, टेड नेल्सन यांच्या हकिकतींचे जे दप्तर उघडले आहे, त्यातील उडत्या तबकड्यांचा भाग मला आजही उपरा वाटतो. पण दिग्दर्शक र्‍यूतारो नाकामुरा यांनी वारंवार दाखविलेल्या गुणगुणणाऱ्या विजेच्या तारा आणि लालसर डाग पडलेल्या सावल्या यांना जे निरर्थक म्हणतात, त्यांना लेनच्या घरातील मौन ऐकू आलेले नसते. आई एका खोलीत, वडील आपल्या पडद्यांसमोर, आणि मधल्या पोकळीत तारांचा अखंड आवाज. लेनच्या एकाकीपणाचे कारण ह्यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगण्याची जरुरी नव्हती.

माझी शेवटची तक्रार मात्र प्रशंसकांविरुद्ध आहे. 'ह्या मालिकेने आजच्या इंटरनेटचे भाकीत केले' एवढ्यावरच जे तिची थोरवी उभारतात, ते तिला लहान करतात. भाकिते कालांतराने शिळी होतात, आणि संगणकांनी जोडलेल्या जगाची कल्पना 1998 साली काही नवी नव्हती. नेल्सन यांनी झानाडू ही तशीच कल्पना मांडून तेव्हा तीन दशके उलटून गेली होती. जे लेनच्या एकांतालाच आदर्श मानून तिचे चित्र मिरवितात, त्यांच्याही ध्यानात यावे की तिला त्या खोलीतून सोडविण्यास एका मैत्रिणीला घाबरत घाबरत जिना चढून यावे लागले.

लहान मुलांसाठी ही मालिका नाही, हे मी बिनदिक्कत मान्य करतो. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांना माझा आग्रह आहे की त्यांनी पहिल्या भागावरून मनाई हुकूम काढू नये. स्वतः तेराही भाग आधी पाहावेत, मग मुलांसोबत बसून पुन्हा पाहावेत, आणि बारावा भाग संपल्यावर लगेच दिवा लावून उठून जाऊ नये.