नव्या पलंगाचा हट्ट

आधीच सांगतो, आजचा लेख भांडणाचा आहे. शनिवारी सकाळी चहाबरोबर काहीतरी हलकंफुलकं वाचायचं असेल तर पुढच्या आठवड्यात या.

माझं म्हणणं एवढंच आहे: घरासाठी फर्निचर घ्यायचं तर वापरलेलं घ्या, चांगल्या लाकडाचं घ्या, आणि पुण्या-मुंबईच्या काचेच्या शोरूममध्ये शिरण्याआधी आपल्या गावाकडे एक चक्कर मारा. माझं 'गावाकडे' म्हणजे बुलढाणा जिल्हा, तोही घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. (घाटावरच्या चिखली-मेहकरवाल्यांनी रागावू नये. माल तुमच्याकडेही आहे, माहितीय मला.)

हे वाक्य नातेवाइकांत उच्चारलं की काय होतं ते ऐका. मामा म्हणतो, "काऊन रे भाऊ, पगार भेटत नाही का तुले? कंपनीनं काढलं का काय?" आणि हेच हिंजवडीत कँटीनला बोललं तर टीममधला पोरगा नाक मुरडतो, "ईऽऽ, त्याच्यावर कोण झोपलं असेल काय माहीत!" मामाला वाटतं माझी ऐपत गेली, पोराला वाटतं माझी अक्कल गेली. दोघांच्या पोटात गोष्ट एकच आहे: जुनं म्हणजे दुसऱ्याचं उष्टं.

बरं, हे उष्ट्याचं तत्त्व आपण नक्की कुठे कुठे पाळतो? खामगावची चांदी प्रसिद्ध. बाहेरगावचे लोक खास तिथे येऊन भांडी नि दागिने घेऊन जातात. त्या चांदीत मोडीत आलेले कुणाच्या आजीचे वाळे वितळलेत, कुणाच्या मेलेल्या सासूचे पैंजण वितळलेत, हे आजवर एका तरी गिऱ्हाइकानं विचारलंय का? आपण रीसेलचा फ्लॅट घेतो, त्यात आधीचे लोक जेवले, झोपले, आजारी पडले, भांडले. सेकंडहँड गाडी घेऊन तिला हार घालतो. आणि आळंदीहून पंढरपूरला पालखी निघते ती कशाची? पादुकांची! म्हणजे वस्तू दुसऱ्याची असली की बाटते हा आपला नियम नाहीच. तो फक्त पलंग, कपाट आणि टेबल या तीन गोष्टींना लागतो. का, ते पुढे सांगतो.

आधी नवं म्हणजे काय ते बघू. ऑनलाइन मागवलेलं, खोक्यातून येणारं, "इंजिनिअर्ड वूड"चं वॉर्डरोब. आपण सगळे इंजिनिअर, त्यामुळे त्या शब्दानं भारावतो बहुतेक. आत असतो पार्टिकल बोर्ड: लाकडाचा चुरा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनमध्ये कालवून गरम दाबाखाली केलेली थापी, आणि वर लाकडाच्या रेषा छापलेला कागद. म्हणजे लाकडाचा फोटो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. बोर्ड चांगल्या दर्जाचा असेल तर त्यातून वायू फार कमी सुटतो, हेही खरं. पण तुम्ही घेताना दर्जा विचारलात का? मी आजवर कुणाला विचारताना पाहिलेलं नाही, सगळे रंग विचारतात.

माझी मुख्य तक्रार वायूची नाहीच. तक्रार स्क्रूची आहे. चुऱ्यात बसवलेला स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो. तो काढून पुन्हा बसवलात की आटे धरायला तिथे काही उरत नाही, नुसता भुसा. भाड्याच्या घरात राहणारी आपली जमात दर ११ महिन्यांनी करार संपला की घर बदलते. दोन शिफ्टिंगमध्ये दार लोंबकळायला लागतं. फरशी पुसताना खालच्या कडेला पाणी लागलं की बोर्ड पावासारखा फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. सुताराला बोलवाल तर तो बघून हसतो. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसतंच. आणि ईएमआयचे हप्ते? ते मात्र मजबूत जोडलेले असतात.

आता जुनं. लाकडाच्या वखारीत गेलात तर 'सी. पी. साग' हा शब्द अजून कानावर पडतो. सी. पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत गेला, पण लाकडाच्या जातीला नाव चिकटून राहिलं. आपलं वऱ्हाड १९०३ पासून त्याच प्रांताच्या कारभारात होतं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या त्या सागवानाला आजही एवढा मान आहे की अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी लाकूड २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेलं. तेव्हा तर गाजावाजा करून मिरवणूक काढली. आणि तसल्याच झाडाचं टेबल मलकापूरच्या गल्लीत धूळ खात पडलेलं असतं, त्याला "भंगार" म्हणायचं!

सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरचा फिकट भाग, सालीलगतचा, तो मात्र कच्चा. पूर्वी जुनी, जाड झाडं कापली जायची, त्यात गाभा भरपूर. आता लवकर कापलेल्या लागवडीच्या सागात फिकट भागच जास्त, म्हणून "प्युअर सागवान" असं ओरडून विकलेलं नवं कपाटही जुन्याच्या तोडीचं असेलच असं नाही. दुसरं म्हणजे वाळणं. लाकूड वाळताना आक्रसतं, पीळ खातं. आमच्या पूर्णा खोऱ्यातल्या उन्हाळ्यात ४४ अंशांत जे टेबल चाळीस वर्षं उभं राहिलं, त्याला जे काही वाकायचं होतं ते वाकून झालेलं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर चाळीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये चाललेला कोड आहे तो. तुम्ही त्याला हात लावायला घाबरता आणि काल रात्री कुणीतरी लिहिलेल्या कोडवर घर चालवता.

हा माल येतो कुठून? खामगावला रेल्वे आली १८७० मध्ये, खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला. माणसांसाठी नव्हती ती, कापसासाठी होती. कापसामागे जिनिंग-प्रेसिंग आले, पेढ्या आल्या, वकील आले, आणि त्यांच्यामागे खुर्च्या, टेबलं, तिजोऱ्या, फडताळं. आता बंद पडलेल्या जिनिंगच्या ऑफिसातलं सामान निघतं. जुने वाडे पडतात तेव्हा खांब, तुळया, कडीपाट निघतो. शाळा, सहकारी संस्था, सरकारी कार्यालयं जुनं सामान निर्लेखित करून लिलावात काढतात, नोटीस बोर्डावर लागते, आणि ती वाचतो कोण? भंगारवाला. आपण वाचत नाही, कारण आपण फोनवर "मिनिमल स्टडी टेबल" शोधत असतो.

माझं हे टेबल, ज्यावर हा लेख टाइप होतोय, असंच एका बंद ऑफिसातलं. साडेतीन हजाराला घेतलं, दोन हजार पॉलिशला, भाडं वेगळं. एका कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग आहे, तो मी घासू दिला नाही.

असो. आता मूळ भांडणाकडे येतो.

नवं फर्निचर ही आपल्याकडे वापरायची वस्तू नाही, दाखवायची आहे, आणि सगळ्यात जास्त ती दाखवली जाते लग्नात. आमच्याकडचं आंदण पाहिलंय ना? मांडवाच्या एका बाजूला पलंग, ड्रेसिंग टेबल, कपाट, सोफासेट मांडून ठेवतात. लाल रिबिनी. वऱ्हाडी मंडळी पलंगावर हात दाबून बघतात, कपाटाचं दार उघडून बघतात, "कपाट गोदरेजचं आहे काय?" असं विचारतात. मुलाकडचे आधीच म्हणालेले असतात, "आम्हाला काही नको, मुलीच्या संसाराला लागतं ते द्या." या वाक्याची किंमत मुलीचा बाप भरतो. सोयाबीन-कापसाचे भाव काय चाललेत ते तुम्हाला बातम्यांत दिसतं, त्याला घरात दिसतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. त्यात मागणं हा गुन्हा, म्हणून आपण मागत नाही, "लागतं ते द्या" म्हणतो. हुशार लोक आपण!

आमच्याच नात्यातलं एक लग्न. बापाची पाच एकर कोरडवाहू. नवरदेव पुण्यात, आपल्यासारखाच लॅपटॉपवाला. बापानं पतसंस्थेतून कर्ज काढून लग्नाचं फर्निचर घेतलं. प्लाय म्हणून दिलेलं, निघालं पार्टिकल बोर्ड. पुण्यातल्या वन बीएचकेमध्ये तो पलंग मावेना, म्हणून सगळं सासरच्या माडीवर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलं. तिसऱ्या पावसाळ्यात माडी गळली आणि पलंगाचा हेडबोर्ड फुगला. त्यावर कुणी एक रात्र झोपलेलं नाही. कर्जाचे हप्ते मात्र चालू होते. त्या नवरदेवाला मी विचारलं, तू नको का म्हणाला नाहीस? तर म्हणे, "मी कुठे मागितलं होतं?"

हे उत्तर ज्यांना पुरेसं वाटतं त्यांच्याशीच माझं भांडण आहे. तुम्ही मागितलं नाही, मान्य. पण जुन्या पलंगाला तुम्ही नाक मुरडता, आणि ते नाक बघून तो बाप कर्ज काढतो.

माझ्या लग्नात मी सांगितलं, फर्निचर नको. सासरे गप्प झाले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "लोक मले काय म्हनतील?" तेव्हा कळलं की "नको" म्हणून भागत नाही. नको म्हटल्यानं त्यांचा खर्च वाचत होता, पण गावात मान जात होता. बायकोच्या आजीचा सागवानी पलंग त्यांच्या मागच्या खोलीत होता, त्यावर मिरच्यांची पोती. म्हटलं, हा द्या. त्यावर तर ते जास्तच दुखावले. पोरीला जुना पलंग? सासूबाईच मग म्हणाल्या, "माझ्या सासूचा आहे, माझ्या लेकीला गेला तर कोणाचं काय जातं?" सासऱ्यांनी स्वतः सुतार बोलावला, एक पाय बदलला, लाखेचं पॉलिश करून घेतलं आणि मांडवात तोच मांडला. रिबीन लावून. दोन-तीन जण हसले. एका म्हाताऱ्या काकांनी मात्र खाली वाकून सांधे बघितले आणि विकता का म्हणून विचारलं.

(आजी त्याच पलंगावर गेली होती का? नाही. आणि गेली असती तरी मी तो आणला असता. बाराव्या-तेराव्याला शय्यादान करतो ते सामान पुढे कुठे जातं, हे एकदा जुन्या फर्निचरवाल्याला विचारून बघा.)

आता ढेकूण. हा एकच आक्षेप मला खरा वाटतो. गादी, गिरदी, फोमचा सोफा जुना घेऊ नका, अजिबात नको. लाकडी पलंगाचे सांधे मात्र बघून घेता येतात: काळे ठिपके, फटीत अडकलेल्या साली दिसल्या तर सोडून द्या. थोडी शंका असेल तर मे महिन्यात सांधे मोकळे करून उन्हात टाका आणि फटींत उकळतं पाणी ओता. पन्नास अंशांच्या आसपासची उष्णता आतपर्यंत पोचून तासभर टिकली की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. आमच्या आज्या हेच करायच्या.

बघायचं कसं? वस्तू उलटी करा. पुढून सगळंच चकचकीत असतं, खोटेपणा खालून दिसतो. फळीच्या वरच्या रेषा कडेवर उतरतात का ते बघा. कडेला पट्टी चिकटवलेली असेल तर आत प्लाय आहे. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, कोपऱ्यात खिळे आहेत की लाकडाचे दात एकमेकांत अडकवलेत? पायाच्या तळाला चावी टोचा. रुतली तर आत पोकळ. बारीक छिद्रांखाली ताजा पिठासारखा भुसा पडलेला असेल तर कीड जिवंत आहे. जुनी कोरडी छिद्रं चालतात. लोखंडी कपाट असेल तर खालचा पत्रा आणि लॉकरची किल्ली, बाकी रंगाकडे बघू नका. गोदरेजची लोखंडी कपाटं १९२३ पासून बनतायत. जाड पत्र्याचं जुनं कपाट तुमच्या नातवालाही पुरेल.

आणि हो, भाव पाडताना थोडी लाज ठेवा. वाडा मोडणाऱ्या म्हाताऱ्याकडून सागाची तुळई जळाऊ लाकडाच्या भावानं उचलायची आणि मुंबईत नेऊन "व्हिंटेज" पाटी लावायची, हा धंदा करणारे कमी नाहीत. त्यांचं गिऱ्हाईकही आपणच. दार आडवं करून त्यावर काच टाकली की कॉफी टेबल म्हणून कितीही पैसे मोजतो, आणि तेच दार गावात दार म्हणून उभं असताना आपल्याला त्याची लाज वाटते.

व्यवहार ठरला की वाहतूक. मलकापूर-खामगावकडे माल टाकून पुण्याला रिकामी परतणारी गाडी शोधा, रिटर्नचं भाडं पूर्ण गाडीपेक्षा बरंच कमी पडतं. सामान जुन्या गोधड्यांत गुंडाळा, आरसा असेल तर वेगळा काढा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात मागवू नका. आमच्याकडचं कोरडं लाकूड तिथल्या दमट हवेत फुगून ड्रॉवर अडकतात. दिवाळीनंतर मागवा. पहिल्या पावसाळ्यात अडकलेच तर लगेच रंधा मारायला बसू नका, मेणबत्ती घासा आणि हिवाळ्यापर्यंत थांबा.