बाळाचा मृत्यू ‘किरकोळ’ कधीच नव्हता

पूर्वी घरटी चार-पाच मुले दगावत, त्यामुळे आईबापांना त्याचे फारसे काही वाटत नसे, असे अनेकदा ऐकायला मिळते. शिकलेली माणसेही हे सहज बोलून जातात. या समजुतीला पुणे जिल्ह्यातल्या मातीतूनच उत्तर मिळते.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांच्या कामातून ताम्रपाषाण युगातली एक अख्खी वसाहत उजेडात आली. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे इथे शेतकरी राहत होते. त्यांच्या घरांच्या जमिनीखाली आणि अंगणात दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची होती.

पुरण्याची पद्धत ठरलेली होती. प्रौढ माणसाला खड्ड्यात उताणे, उत्तर-दक्षिण झोपवत आणि बऱ्याचदा त्याचे पाय घोट्याजवळ तोडलेले असत. बाळासाठी मात्र रुंद तोंडाची, करड्या रंगाची दोन मोठी मडकी घेत. बाळाला आत ठेवून ती तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवी ठेवत. शेजारी तोटीचे छोटे भांडे किंवा वाडगा असे. नेवाशाच्या उत्खननात तर एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारांमुळे तिच्या दोऱ्याचे तंतूही टिकून राहिले.

त्या मंडळींना काय वाटत होते, हे हाडांवरून मोजता येत नाही. मडके म्हणजे आईचे उदर, अशी कल्पना काही अभ्यासक मांडतात. ती सुंदर आहे, पण सिद्ध करता येणारी नाही. जे सिद्ध होते ते साधे आहे. काही दिवसांच्या बाळासाठीही कोणीतरी खड्डा खणला, वापरातली दोन मडकी बाजूला काढली आणि रोजच्या वावरातली जागा दिली. ज्याचे मरण किरकोळ वाटते, त्याच्यासाठी माणूस एवढी खटपट करत नाही.

वैद्यकाच्या दृष्टीने या मडक्यांचा आणखी एक उपयोग झाला. तान्ह्या बाळाची हाडे पातळ असतात आणि उघड्या मातीत ती लवकर नष्ट होतात. मडक्यांच्या आडोशाने इथली बरीच हाडे व दात टिकले. दुधाचे दात गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास घडू लागतात. त्या काळात आईची उपासमार झाली किंवा बाळ आजारी पडले, तर दाताच्या एनॅमलवर खड्डे वा रेषा उमटतात आणि एनॅमल पुन्हा भरून येत नाही. जन्माच्या वेळचीही एक सूक्ष्म रेषा असते. ती दिसली, तर बाळ जन्मानंतर निदान काही दिवस जगले होते असे समजते. जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या दातांचा असा बारकाईने अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांची हाडे तपासली आणि वसाहतीच्या उत्तरकाळात, म्हणजे इ.स.पू. १००० नंतर, मुलांची वाढ खुंटलेली होती असे दाखवले. त्याच काळात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या होत्या. मोठ्यांच्या जगण्यातली ओढाताण पहिल्यांदा बाळांच्या अंगावर दिसते, हा नियम तेव्हाही होता.

इथे एक सावधगिरी हवी. मुलांची दफने जास्त म्हणजे मृत्यूदर भयंकर, असे थेट म्हणता येत नाही. जिथे जन्म जास्त तिथे मुलांची दफनेही जास्त सापडतात. शिवाय तान्ह्या बाळाला अग्नी न देता पुरण्याची आपली आजची रीत इनामगावापासून चालत आली, असा दावाही करू नये. मधल्या अडीच-तीन हजार वर्षांचा सलग धागा कोणाच्या हाती नाही.

तरीही या दफनांतून आजच्यासाठी घेण्यासारखे काही आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळे वर्षाची होण्याआधी दगावली. ही मोठी प्रगती आहे. पण मृत्यू कमी झाले तसे त्यांच्याविषयीचे मौन वाढले. प्रसूती कक्षात बाळ मृत जन्मले की ते आईच्या नजरेआड करण्याची घाई होते. ‘रडू नको, दुसरे होईल’ असे नातेवाईक म्हणतात, कधी कर्मचारीही म्हणतात. हेतू वाईट नसतो. पण आईच्या शरीराला झाले ते ठाऊक असते. दूध येते, कूस रिकामी असते आणि घरात त्याविषयी बोलायचे नाही असे ठरलेले असते. हे दडपलेले दुःख पुढे झोप, भूक आणि मन बिघडवते.

यात बदल करायला पैसा फारसा लागत नाही. आईची इच्छा असेल तर तिला बाळ पाहू द्यावे, जवळ घेऊ द्यावे. मृत्यूचे कारण तिला आणि वडिलांना बसवून, समजेल अशा भाषेत सांगावे. पुढच्या गरोदरपणात काय जपायचे तेही सांगावे. आणि नोंद टाळू नये. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ पासून आहे आणि मृतजन्माची नोंदही त्यात बंधनकारक आहे. ‘जगलेच नाही, मग कागद कशाला’ असे म्हणून ती सोडून दिली, की तो मृत्यू टाळता आला असता का, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. गावातली आशा ताई, परिचारिका आणि घरचे, सगळ्यांनीच ही नोंद आग्रहाने करून घ्यायला हवी.

इनामगावच्या शेतकऱ्यांकडे लस नव्हती, सलाइन नव्हते, नोंदवही नव्हती. बाळ वाचवण्याचे उपायही फार नव्हते. गेलेल्या बाळाला घरात जागा देणे मात्र त्यांच्या हातात होते आणि ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. आपल्याकडे उपाय आहेत, कायदाही आहे. निदान ते बाळ होऊन गेले, एवढे तरी आपण मोकळेपणाने मान्य करावे.